काळ्या बॉनेटची मालकीण

सौदीहून परत आल्यापासून आमच्या सोसायटीतल्या बायका मला एकच प्रश्न विचारताहेत. "बुरखा घालावा लागला का हो?" नाही लागला. सैल कुर्ते आणि खांद्यावर ओढणी, एवढ्यावर माझं छान भागलं. पण डोक्यावर काय घालावं आणि कोणी घालावं, या एकाच विषयावर मी तिथे जितकं बोलले तितकं नोकरीच्या सबंध काळात बोलले नसेन. लिफ्टजवळ उभ्या उभ्या सांगण्यासारखी ती गोष्ट नाही, म्हणून बसून लिहिते आहे.

मी रत्नागिरीत मुलींच्या तंत्रनिकेतनात वेशभूषेचा इतिहास शिकवायचे. माझं खूळ म्हणजे एकोणिसाव्या शतकातली युरोपातली फॅशनची चित्रं. त्या काळी बायकांच्या मासिकांत नव्या कपड्यांची चित्रं छापून यायची आणि त्यांत रंग हाताने भरलेले असायचे. दोन बायका बागेत नाहीतर दिवाणखान्यात उभ्या. दोघींचे चेहरे अगदी एकसारखे आणि बिनकामाचे. कोण कोण आहे ते टोपीवरून ओळखायचं. फुलांची गवती हॅट म्हणजे कुमारिका. हनुवटीखाली फितीने बांधलेली बॉनेट म्हणजे भेटीगाठींना निघालेली संसारी बाई. घरातसुद्धा डोक्यावर लेसची पातळ टोपी दिसली की नवरा आहे असं समजायचं. आणि जिचं लग्न व्हायचं राहून गेलं, तिने एका वयानंतर आपणहून तशीच टोपी चढवायची, म्हणजे आता कुणी स्थळं सुचवू नयेत असं जाहीर. हा भाग शिकवताना मुली माझ्याकडे बघून हसू दाबायच्या, कारण मीही अविवाहितच. मी त्यांना मनसोक्त हसू द्यायचे.

त्याच मुलींपैकी एक शहनाज, खेडजवळची. लग्न होऊन सौदीत अल-खोबरला गेली, तिथे घरबसल्या अबाया, म्हणजे बायकांचे अंगभर काळे झगे, उसवून-शिवून द्यायची कामं करायला लागली, आणि या वर्षी तिचा फोन आला. "बाई, व्हिसा आता घरबसल्या मिळतो. तुमची ती टोप्यांची चित्रं घेऊन या. मला मोठं काम मिळालंय."

अल-खोबर

विमानतळावर शहनाज आणि तिचा नवरा इकबाल दोघंही आले होते. इकबाल एका कंपनीत एअरकंडिशनिंगचं काम बघतो. माणूस गोड, पण घाईचा. बॅग हातात घेताघेताच "यल्ला बाई, यल्ला" म्हणत तो पुढे निघालासुद्धा. गाडीत बसल्यावर त्याने गंभीरपणे विचारलं, "ही बॉनेट बॉनेट म्हणते दिवसभर, ती गाडीची नव्हे ना?" शहनाजने कपाळाला हात लावला.

त्यांच्या घरात पाय ठेवला आणि सुक्या मटणाचा वास आला. तांदळाच्या भाकऱ्या, मटण, वर कोकमाची कढी. मी सौदीत आले आहे की खेडला, असा प्रश्न पडावा. खिडकीबाहेर बघितलं तर ऊन असं की रस्त्यावर कावळासुद्धा नाही. इथली माणसं सूर्य मावळला की बाहेर पडतात आणि समुद्राकाठी चटया पसरून, मधे चहाचा थर्मास ठेवून निवांत बसतात. आमच्याकडे सात वाजले की कुकर लावायला पळायचं असतं, त्यामुळे मला या निवांतपणाचा फार हेवा वाटला.

जेवण झाल्यावर शहनाजने काम समजावून सांगितलं. तिथल्या एका बड्या घरातल्या बाई, उम्म सालेह. सालेह हा थोरला मुलगा, म्हणून आईला सगळे त्याच्या नावाने हाक मारतात. त्यांची मुलगी नूरा हिचं लग्न ठरलं होतं आणि लग्नाआधी फक्त बायकांची मेजवानी होती. अशा मेजवान्यांना हल्ली एक कल्पना ठरवतात. नूराने ठरवलं होतं, जुन्या युरोपातली बाग. सगळ्या बहिणी-मैत्रिणींना तशा टोप्या हव्या होत्या आणि त्या शहनाजने करायच्या होत्या.

"बाई, आजवर मी फक्त उसवायची कामं केली," शहनाज म्हणाली. "ही मेजवानी नीट झाली तर उम्म सालेहच्या तोंडून माझं नाव सगळ्या घरांत जाईल. आणि बिघडली तरी तितकंच जाईल."

मग तिने टोप्या दाखवल्या. बिर्याणीचं पातेलं पालथं घालून त्यावर बकरमच्या कडक कापडाचे साचे बसवले होते तिने. एकेक टोपी इतकी देखणी की मला माझ्याच विद्यार्थिनीचा अभिमान आवरेना. शेवटी तिने कपाटातून एक मोठा गोल डबा काढला. "ही नवरीची. नूराने फोनवर जुनं चित्र शोधून स्वतः निवडली."

तिने झाकण काढलं.

पूर्ण काळी बॉनेट. चकाकी नसलेलं काळं क्रेप, आत चेहऱ्याभोवती बारीक पांढरी झालर, मागे कमरेपर्यंत येणारा काळा पदर. टाका न् टाका चित्राबरहुकूम. शहनाज माझ्या तोंडाकडे बघत होती. "सुंदर आहे," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं. पण ती विधवेची टोपी होती. नवरा गेलेल्या बाईने घराबाहेर पडताना घालायची, ती.

चूक कशी झाली ते मला लगेच कळलं. तिकडच्या बायकांच्या डोळ्यांना काळा रंग म्हणजे रुबाबाचा रंग. चांगल्या घरची बाई बाहेर निघाली की झुळझुळीत काळा अबाया, काठाला बारीक कलाकुसर. पानभर रंगीत टोप्यांमधून नूराला तीच सगळ्यांत शालीन वाटली असणार, आणि शहनाजही इतकी वर्षं तिथे राहून त्याच डोळ्यांनी बघायला लागली होती. आमच्याकडे कुणी नवरीसाठी काळं काढलंच नसतं. पण आमच्याकडे विधवेला पांढरं नेसवायचे, म्हणजे माझ्या चित्रांतली पांढऱ्या सॅटिनमधली नवरी बघून माझी आजी हबकली असती. शिकवताना हे मी मुलींना मोठ्या मजेने सांगायचे. त्या दिवशी मला मजा वाटत नव्हती. शहनाजचा चेहरा इतका फुललेला होता की मी डब्याचं झाकण लावलं आणि सांगणं उद्यावर ढकललं.

हुफूफ

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही हुफूफला निघालो. काही हॅट्स खजुराच्या पातीच्या करायच्या होत्या आणि त्याच्या विणलेल्या पट्ट्या तिथे मिळतात. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना वाळू, आणि कुंपणापलीकडे आपल्याच नादात चाललेले उंट. मग एकाएकी हिरवं दिसायला लागतं. लाखो खजुरांची झाडं, मधून पाण्याचे पाट. कोकणातल्या माणसाला माडापोफळीची नवलाई नसते, पण इतकी वाळू बघून झाल्यावर त्या हिरव्याने मला अगदी भरून आलं.

बाजाराच्या एका कडेला एक पोक्त बाई पट्ट्या विणत बसली होती. काळ्या बुरख्यावर तिने पातीची रुंद टोपी चढवली होती, उन्हासाठी. बोटं चाललेली आणि तोंडही. आपल्याकडे माडाच्या झावळीचे झाप विणतात, ते मी लहानपणी विणले आहेत, म्हणून मी ऐटीत तिच्या शेजारी बसले. माझी पट्टी पहिल्यांदा डावीकडे वळली, मग उजवीकडे, मग तिने हसत हसत ती माझ्या हातातून काढून घेतली आणि मला खजूर दिले. शहनाजला तिने काहीतरी विचारलं. "बाई, ती विचारतेय, मुलं किती?" मी म्हटलं, लग्नच केलं नाही. त्यावर बाईने मला आणखी मूठभर खजूर दिले. ते कौतुकाचे होते की दयेचे, मला अजून कळलेलं नाही.

पट्ट्या ओल्या ठेवायला लागतात, नाहीतर मोडतात. म्हणून आम्ही त्या ओल्या पंच्यात गुंडाळून गाडीत ठेवल्या, त्या नेमक्या इकबालच्या सीटवर. तो "यल्ला" म्हणत बसला आणि त्याहून जास्त वेगाने उठला. जेवायला गेलो तेव्हा बिचारा शर्ट पँटच्या बाहेर काढून भिंतीला पाठ लावून चालत होता.

जेवणात तिथला लाल भात होता. आपल्या लाल तांदळासारखाच, जरा चिकट, मटणाच्या रश्शात शिजवलेला. बरोबर खजूर घालून केलेली लालसर रोटी. मी दोन घास खाल्ले आणि मला पुढे जाईना. शहनाज म्हणाली, "बाई, तुम्हाला आवडलं नाही का?" तेव्हा मी सांगून टाकलं.

तिने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाली, "ते लेक्चर मी बुडवलं असणार."

"बुडवलंच होतंस. तुझ्या आतेबहिणीचं लग्न होतं."

इकबालने दोघींकडे बघितलं. "अहो बाई, इथे कोणाला कळणार आहे? दीडशे वर्षांपूर्वीच्या गोऱ्या बायकांच्या टोप्या! गप्प बसा, खलास."

माझ्याही मनात तेच आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण शहनाज मान हलवायला लागली. "चित्र फोनवर मिळालं ना तिला? तसंच उद्या कोणाला तरी त्याचं नावही मिळेल. मग तिला वाटेल, शहनाजला माहीत होतं आणि तिने मला माझ्या मेजवानीत विधवा करून बसवलं. नाही. मी जाऊन सांगते." मेजवानी परवावर आली होती. नवी टोपी करायला हातात जेमतेम वेळ, आणि ती करू देतील की काम काढून घेतील तेही माहीत नाही. मी म्हटलं, मी येते तुझ्याबरोबर. परतीच्या वाटेवर इकबालने एकदाही यल्ला म्हटलं नाही.

उम्म सालेहच्या घरी

घरून बॉनेटचा डबा आणि माझी चित्रं घेऊन त्याच संध्याकाळी आम्ही दोघी तिथे पोचलो. बायकांचा दिवाणखाना आमच्या मंगल कार्यालयाएवढा. भिंतीला लागून गाद्या, मधे खजूर, मिठाया आणि वेलचीच्या वासाची फिकट कॉफी. कप चिमुकला. तो रिकामा झाला की कॉफी देणारी लगेच भरते. मी सभ्यपणे पीत राहिले, ती सभ्यपणे ओतत राहिली. पुरे झालं की कप जरा हलवायचा असतो, हे शहनाजने मला सांगितलं तोवर माझी छाती धडधडायला लागली होती.

समोर उम्म सालेह, शेजारी नूरा. पलीकडे नूराची मावशी हेस्सा, चाळिशीची, फारसं न बोलणारी. तिचा तलाक झाला आहे हे शहनाजने मला गाडीतच सांगून ठेवलं होतं. आणि कोपऱ्यात, हातातली काठी गुडघ्यांवर आडवी ठेवून, उम्म सालेह आणि हेस्सा या दोघी बहिणींची आई, म्हणजे नूराची आजी. सगळं घर त्यांच्या तोंडाकडे बघून चालतं हे मला पाच मिनिटांत कळलं.

नूराने बॉनेट मांडीवर घेऊन आनंदाने चीत्कार केला. मग शहनाजने अरबीत सांगायला सुरुवात केली. मला शब्द कळत नव्हते, पण नूराचा हात त्या काळ्या पदरावरून फिरता फिरता थांबला ते दिसलं. उम्म सालेह शांतपणे म्हणाल्या, आम्ही शकुन-अपशकुन मानत नाही, आमच्या धर्मात ते बसत नाही. शहनाजने मला मराठीत सांगितलं. आणि असं म्हणताम्हणताच त्यांनी मुलीच्या मांडीवरची टोपी उचलून बाजूला ठेवली. आमच्याकडेही अपशकुन कुणी मानत नाही, अगदी असंच.

नंतर त्या शहनाजला काहीतरी म्हणाल्या, थोडक्यात आणि थंडपणे. शहनाजने ते भाषांतर करून सांगितलं नाही. तिचे डोळे भरले होते.

तेवढ्यात कोपऱ्यातून काठी आपटल्याचा आवाज आला. आजींनी हात पुढे केला. टोपी त्यांच्याकडे गेली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, पांढरी झालर बोटाने चाचपली, आणि शहनाजला काहीतरी विचारलं.

"विचारतायत, नक्की विधवेचीच ना?" शहनाज मला म्हणाली.

मी मान हलवली.

आजींनी ती सरळ आपल्या काळ्या ओढणीवर चढवली आणि हनुवटीखाली फीत बांधून घेतली. मग बोलल्या. शहनाज एकेक वाक्य मला सांगत गेली. "माझा नवरा जाऊन किती वर्षं झाली. लोकांनी मला धीर धर म्हणून सांगितलं, घरात बस म्हणून सांगितलं. पण मला कुणी टोपी दिली नाही. या घरात हिच्यावर हक्क एकटीचा माझा आहे. आरसा आणा."

आरसा आला. आजींनी मान इकडे केली, तिकडे केली. नूरा आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. खरं सांगते, मीही रडले. माझ्या सगळ्या चित्रांमध्ये ती टोपी घातलेली बाई खाली बघत असते. ही सरळ समोर बघत होती आणि विचारत होती, कशी दिसते?

मग काय, सगळ्याच बायका माझ्याभोवती जमल्या. मी नेलेली चित्रं गादीवर पसरली. नूराला कुमारिकेची फुलांची गवती हॅट आवडली, फक्त काळी फीत मात्र हवीच म्हणाली. उम्म सालेहनी लेसवाली निवडली आणि शहनाजच्या हातावर थोपटलं. हेस्सा सगळ्यांत शेवटी आली. तिने सगळी चित्रं एकेक करून बघितली आणि मला इंग्रजीत विचारलं, "जिचा नवरा जिवंत आहे, पण आता तिचा नाही, तिची कोणती?"

मी डोक्यातली सगळी चित्रं चाळली. कुमारिका, नवरी, संसारी बाई, आई, विधवा. माझ्यासारख्या राहून गेलेल्या बाईचीसुद्धा होती. हेस्साची नव्हती. चित्रकारांनी ती काढलेली मी कधी बघितलीच नाही. तशा बायका तेव्हाही असणार, रस्त्याने जात असणार, डोक्यावर काहीतरी असणारच. मी तिला तसंच सांगितलं. ती "ठीक आहे" म्हणाली आणि चित्रांचे कोपरे जुळवून ठेवायला लागली.

शहनाजने पिशवीतून हुफूफच्या पट्ट्यांची गुंडाळी काढली आणि तिच्यासमोर धरली. अरबीत फक्त एकच शब्द विचारला. मला तो न सांगताच कळला, कारण हेस्सा विचार करत राहिली आणि मग म्हणाली, "लाल."

मेजवानी

त्यानंतरचा सगळा वेळ आम्ही दोघी पातेल्यांवर ओल्या पट्ट्या शिवत बसलो होतो. इकबालने स्वयंपाक केला आणि घरात एकही पातेलं मोकळं नसल्याने तो कढईत केला. नूराची हॅट झाली. लाल हॅटची कड मी तीनदा उसवली, शहनाजने चौथ्यांदा मला हातच लावू दिला नाही.

मेजवानीच्या दारातच सगळ्यांचे फोन काढून घेतले, म्हणून माझ्याकडे फोटो नाहीत. तुम्हाला माझ्यावरच विश्वास ठेवायला हवा. आत ढोलकीच्या जातीचं वाद्य, अत्तर, उदाचा धूर, आणि माझ्या मासिकांतल्या सगळ्या टोप्या एकाच वेळी नाचताहेत. त्या चित्रांतल्या बायका कधी हललेल्या मी बघितल्या नव्हत्या. नूरा काळी फीत उडवत सगळीकडे पळत होती. मधोमध आजी, काळ्या बॉनेटमध्ये, खुर्चीवर ताठ.

हेस्सा मात्र आली नव्हती. आजी दर थोड्या वेळाने विचारत होत्या. शहनाज पाणीसुद्धा प्यायली नाही. "बाई, लाल नको होती," ती कुजबुजली. "लोक बोलतील म्हणून ती येतच नाही. मी विचारायलाच नको होतं."

बऱ्याच उशिराने हेस्सा दारात उभी राहिली. हॅट डोक्यावर नव्हती, हातात होती. आत यावं की जावं असं तिचं चाललं होतं. काही बायकांनी बघितलं आणि बोलायच्या थांबल्या. आजी उठल्या. काठी टेकत सबंध दालन ओलांडून गेल्या, मुलीच्या हातातली हॅट घेतली, तिच्या डोक्यावर नीट बसवली आणि हनुवटीखाली फितीची गाठ स्वतः बांधली. गाठ त्यांना एकदम जमली नाही. त्यांनी ती सोडून पुन्हा बांधली. मग लेकीचा हात धरून तिला नाचणाऱ्या बायकांमध्ये आणून सोडलं आणि वाजवणारीकडे बघून काठी आपटली.

परत येताना आजी आमच्यापाशी थांबल्या. त्यांच्यामागून दोन म्हाताऱ्या आल्या, दोघीही काळ्या ओढण्यांत, दोघींचे डोळे त्या बॉनेटवर. आजी शहनाजशी बोलल्या आणि शहनाज एकदम उभी राहिली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, या माझ्या बहिणी. दोघींचेही नवरे गेले. यांना कशाला मागे ठेवतेस?"

तिने पर्समधून टेप काढली आणि पहिल्या म्हातारीच्या कपाळाला लावली. टेप सारखी घसरत होती.

"बाई," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "जरा हे टोक धरा."